व्याह्यांच्या आडोशाने

डिझेलचा भाव वाढला की आमच्या यार्डात सगळ्यात आधी चहा कमी होतो. कप तोच असतो, पण चहावाला तो अर्धाच भरतो आणि वर आपल्याकडेच असा बघतो, की उरलेला अर्धा आपणच चोरून प्यायलो. त्यानंतर क्लीनर जातात. मग टायर बदलायचे राहतात. शेवटी माणसं एकमेकांना 'काय म्हणतोय धंदा' हे विचारायचंही सोडून देतात, कारण धंदा काय म्हणतोय ते सगळ्यांना ऐकू येतच असतं.

माझा क्लीनर दुसऱ्या भाववाढीला गेला. मोबाइलच्या दुकानात लागला, तिथे पंखा आहे म्हणाला. त्याच्या जागी ही आली. ही म्हणजे माझी बायको. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण गाडीत ती कधी बसली नव्हती. गाडीला ती सवत म्हणायची. 'सवत काय म्हणते, सवतीला ताप आलाय का,' असं. आता सवतीच्याच मांडीवर येऊन बसली. पगार नको म्हणाली, पण मध्ये मध्ये बोलणार, ही अट घातली. मी म्हटलं, क्लीनरला पगार देऊन गप्प बसवता येत होतं, ते स्वस्त पडलं असतं. ही अट लागू झाली ती तेव्हापासून.

गाडी माझी स्वतःची आहे, हे आधीच सांगतो, कारण बघून कुणाला ती कुणाची असेल असं वाटत नाही. इंजिन म्हातारं झालंय. ड्रायव्हरच्या बाजूच्या दाराची कडी तुटलीय, ते आतून दोरीने बांधावं लागतं. हॉर्न वाजतो, पण त्याच्या मनात असेल तेव्हा. या गाडीवर मी घर बांधलं, आईचं आजारपण काढलं, मुलीचं लग्न केलं. म्हणून तिला कुणी खटारा म्हटलं की माझं डोकं फिरतं. मी म्हटलेलं चालतं.

मुलगी दिली ती याच यार्डातल्या दुसऱ्या ड्रायव्हरच्या घरी. म्हणजे तो आणि मी व्याही. दोघं एकाच शेठचा माल एकाच रस्त्याने बंदराला पोचवतो आणि तिकडून रिकामे क्रेट घेऊन येतो. लग्नाआधी आम्ही एकमेकांना अरे-तुरे करायचो, जॅक मागून न्यायचो आणि परत द्यायचं विसरायचो. मुलांनी आपलं आपण ठरवलं आणि आमचं सगळं बिघडलं. एका दिवसात मी 'व्याहीबुवा' झालो आणि तोही. जॅक मागायचा तर 'आपल्याला अडचण नसेल तर' असं म्हणावं लागायला लागलं. एकदा तर त्यांनी माझा जॅक पुसून परत केला. मला रात्रभर झोप नाही.

व्याही म्हणजे सभ्यपणाचा कहर माणूस. विहीणबाई जाऊन चार-पाच वर्षं झाली. त्यांनी जाण्याआधी नवऱ्याच्या सीटसाठी एक उशी शिवून दिली होती, जाड कापसाची, वर निळी फुलं काढलेली. व्याही गाडीतून उतरले की उशी काखेत घेऊन उतरतात. चहा प्यायला जाताना उशी, कागदावर सही करायला जाताना उशी. यार्डात नवीन आलेला कुणी हसला, तर जुना त्याला बाजूला नेऊन सांगतो. मग तो हसत नाही.

तर भाव तिसऱ्यांदा वाढला आणि शेठनी आम्हा दोघांना बोलावलं. शेठ वाईट माणूस नाही. वाईट असता तर बरं झालं असतं, शिव्या तरी घालता आल्या असत्या. ते म्हणाले, "धंदा मी चालवतोय की डिझेल पंप चालवतोय, हेच मला कळेनासं झालंय. बंदराच्या रस्त्यावर पुढच्या महिन्यापासून एकच गाडी परवडते. दोघांतला एक."

व्याह्यांनी उशी या काखेतून त्या काखेत घेतली.

"मला दोघं सारखेच," शेठ म्हणाले. "माणसाला विचारलं तर तुम्ही 'आधी तुम्ही, आधी तुम्ही' करत बसाल. म्हणून डिझेललाच विचारू. दोघांना सारखं मापून देतो. टाकीच्या झाकणाला सील लावतो. सारखाच माल न्या, सारखेच क्रेट आणा. परत आल्यावर ज्याच्या टाकीत जास्त उरलं, तो राहील."

आता खरं सांगायचं, तर मी मनातल्या मनात तिथेच हरलो. त्यांची गाडी माझ्यापेक्षा दहा वर्षांनी तरणी. ॲव्हरेज त्यांचा चांगला. आणि हा रस्ता गेला की माझ्या गाडीला दुसरं कोण माल देतंय? बंद गाडी म्हणजे दारात बांधलेलं लोखंड. दुसरी कला मला येत नाही. रात्री जेवताना मी हिला म्हटलं, "आपण संपलो." ही म्हणाली, "आधी जेवा. संपायचं ते भरल्या पोटी संपा."

पण माझ्या डोक्यात एक युक्ती होती. ज्याने रस्त्यावर आयुष्य काढलं त्याला ती ठाऊक असते. मोठ्या गाडीच्या मागे, अगदी तिच्या पाठीला नाक लावल्यासारखं चालायचं. समोरचा वारा पुढचा खातो, आपण आडोशाने जातो. इंजिनला जोर लागत नाही, डिझेल वाचतं. धोका असतो, पुढच्याने ब्रेक मारला तर आपण त्याच्या घरात जाऊन बसतो. पण माझ्यापुढे चालणार होता तो माणूस ब्रेक मारण्याआधीही माफी मागणारा होता.

सकाळी दोन्ही गाड्यांत फरश्या भरल्या. शेठच्या माणसाने सील लावलं. गेटपाशी आलो आणि मी हात जोडले. "व्याहीबुवा, आपण पुढे व्हा."

"छे छे," ते खिडकीतून म्हणाले. "आपण मुलीचे वडील. आपण पुढे."

"मुलीच्या बापाने मागेच राहायचं असतं. आपला मान मोठा."

"मान कसला, आपण वयाने मोठे."

"चार महिन्यांनी!"

"मोठे ते मोठेच."

मला तेव्हाच कळायला हवं होतं. सभ्यपणा वगैरे काही नाही, युक्ती त्यांनाही ठाऊक होती. मागे गाड्यांचे हॉर्न सुरू झाले. गेटवाल्याने आमच्या दोघांच्या आयांची चौकशी केली. शेवटी दोघं एकदम निघालो आणि रस्त्याला लागल्यावर शेजारी शेजारी चालायला लागलो. मी वेग कमी केला, की ते पुढे जातील म्हणून. त्यांनीही कमी केला. मी आणखी कमी केला. एका सायकलवाल्याने आम्हा दोघांना मागे टाकलं आणि वळून बघितलं.

"अहो," ही म्हणाली, "चालत गेलं तर आणखी वाचेल."

"तू गप्प बस."

"अट आहे."

एवढ्यात हिचा फोन वाजला. फोन धरायचं काम क्लीनरचं, म्हणून तो हिच्याकडे. व्याह्यांचा होता. हिने स्पीकर लावला. "विहीणबाई, यांना सांगा, मी पुढे होतो. रस्ता अडतोय लोकांचा." आणि खरंच त्यांनी गाडी काढली, हात बाहेर काढून, माफी मागत, आणि माझ्यासमोर आले. मी लगेच त्यांच्या पाठीला चिकटलो. वारा गेला. इंजिनचा आवाज खाली आला. म्हातारीला कुणीतरी हाताला धरून चालवावं तशी ती चालायला लागली.

मला एवढा आनंद झाला की मी शीळ वाजवली. हिने माझ्याकडे बघितलं.

"एवढ्या सज्जन माणसाची पाठ बघत जाताय. लाज नाही वाटत?"

"डिझेलला लाज नसते."

"डिझेलचं नाही विचारलं मी."

वाटभर मी ती पाठ बघत होतो. माझ्याकडे बघण्यासारखं दुसरं काही नव्हतंच. त्यांचा एक मागचा दिवा जळत नाही, हे मला माहीत नव्हतं. एका टायरचं रबर संपून आतला धागा दिसायला लागलेला, हेही नाही. मला वाटायचं, तरण्या गाडीचा माणूस, चैनीत असेल. मी पुन्हा शीळ वाजवली, पण ती नीट वाजेना.

बंदरावर पोचलो तर जहाज आलेलं नव्हतं. गोदामाचा पहारेकरी खुर्चीत पाय वर घेऊन बसला होता. तो म्हणाला, "जहाजंसुद्धा आता हळू चालतात, तेल वाचवायला. उद्या येणार होतं ते परवा येतं. तोवर गोदाम भरलेलं आहे, माल उतरवायला जागा नाही. दुपारपर्यंत थांबा, एक कोपरा रिकामा करून देतो."

म्हणजे आम्ही डिझेल वाचवत पोचणार, आणि तिकडे समुद्रात एक आख्खं जहाज डिझेल वाचवत, आम्हाला ताटकळवत येणार. सगळं जगच एकमेकांच्या मागे लपून चाललंय असं मला वाटलं. पुढे कोण आहे कुणास ठाऊक.

गोदामाच्या सावलीत हिने डबा उघडला आणि व्याह्यांना बोलावलं. ते उशी घेऊन आले, उशी हिच्यापुढे केली, "विहीणबाई, आपण बसा यावर, खाली फरशी तापलीय." ही नको नको म्हणत बसली. त्या उशीवर दुसरं कुणी बसलेलं मी आयुष्यात पहिल्यांदा बघितलं. ते स्वतः फरशीवर बसले. जेवण झाल्यावर हात धुऊन आले आणि अगदी सहज, हवापाण्याचं बोलावं तसं हिला म्हणाले, "येताना जास्त वारा असेल. मी पुढेच राहीन. यांना सांगा, अंतर सोडू नका. मध्ये दोनदा सुटलं होतं."

मी उठून उभा राहिलो. "म्हणजे आपल्याला कळत होतं?"

"आरशात दिसतं ना," ते म्हणाले.

"मग पुढे का राहिलात? सकाळी तर मागे पडायला बघत होतात!"

"सकाळी बघत होतो," ते म्हणाले. खोटं बोलायची त्यांना सवय नाही. "मग विचार केला. मला मुलगा आहे, कमावता. आणि तुमच्याकडे एक मुलगी होती, तीही मीच घेऊन गेलो. आता हा रस्ताही घेतला तर तुमच्याकडे राहिलं काय?"

ही रडायलाच लागली. पदर डोळ्याला. मला म्हणाली, "हात जोडा त्यांना." आणि मला काय व्हावं? मला संताप आला. अंगाची आग आग झाली. मी सकाळभर शीळ वाजवत, स्वतःला हुशार समजत, या माणसाच्या दयेवर चाललो होतो! चोरी करून आणावी आणि घरमालकाने म्हणावं, जपून जा, पायरी मोडकी आहे, तसं झालं ते.

"मला भीक नको," मी म्हणालो. "मी अजून मेलेलो नाही."

"व्याहीबुवा, मी असं कुठे..."

"येताना मी पुढे राहणार. वारा मी खाणार. तुम्ही माझ्या मागे यायचं. मानाने!"

"तुमचं इंजिन जुनं आहे हो."

हे त्यांनी बोलायला नको होतं.

दुपारी माल उतरला, क्रेट चढले आणि मी गाडी अशी काढली की एक क्रेट तिथेच पडला. पहारेकऱ्याने तो आणून दिला. रस्त्याला लागलो आणि मी पुढे. आरशात ते. थोडं अंतर गेलं नाही तोच ते बाजूने आले, हात बाहेर काढून माफी मागितली आणि पुढे गेले. मी गिअर बदलला आणि पुन्हा पुढे. त्यांनी पुन्हा माफी मागितली.

हिचा फोन वाजला. "विहीणबाई, यांना सांगा, वारा फार आहे, मागे या."

"सांग त्यांना, वारा मला आवडतो."

"ते म्हणतात, वारा त्यांना आवडतो."

"ऐकू आलं मला. विहीणबाई, यांना सांगा, हट्ट करू नका."

"सांग त्यांना, हट्ट कोण करतंय ते दिसतंय."

"तुमचं तुम्हीच बोला," ही म्हणाली आणि फोन माझ्या कानाला एवढ्या जोरात लावला की मला दोन मिनिटं दुसरं काही ऐकू आलं नाही.

सकाळी आम्हाला सायकलवाल्याने मागे टाकलं होतं. आता आम्ही मोटारींना मागे टाकत होतो. जन्मात पहिल्यांदा मी डिझेल वाया घालवण्यासाठी गाडी चालवत होतो, आणि खोटं कशाला बोलू, मजा येत होती. काट्याकडे बघायचं नाही असं ठरवलं होतं. काट्याकडे ही बघत होती. "खाली गेला," म्हणायची. "आणखी खाली गेला." मग काही बोलेनाशी झाली, तेव्हा मी बघितलं. काटा आडवा झोपला होता.

यार्डाच्या अलीकडे एक चढ आहे. चढ संपला की समोर गेट. चढाच्या पायथ्याशी मी पुढे होतो. मध्यावर म्हातारीने एक खोकला काढला, दुसरा काढला आणि थांबली. मी हँडब्रेक ओढला. किल्ली फिरवून बघितली. ती नुसती घरघरली. डिझेल गाडी कोरडी पडली की नळीत हवा शिरते, मग वरून डिझेल ओतलं तरी लगेच चालू होत नाही. बसलो तसाच, स्टेअरिंग धरून.

व्याही बाजूने आले. या वेळी माफी मागितली नाही. पुढे गेले, चढत गेले. मी मनात म्हटलं, जा. जा बाबा. गेट समोर आहे. आणि त्या क्षणी मला खरंच तसंच वाटत होतं, राग नव्हता, काही नव्हतं. ही माझ्या दंडाला धरून बसली होती.

मग त्यांचा एक दिवा लागला, जळतो तो. गाडी थांबली. आणि हळूहळू मागे यायला लागली.

ते उतरले, साखळी काढली, माझ्या गाडीला अडकवायला लागले. मी दोरी सोडून दार उघडलं आणि खाली उडी मारली.

"व्याहीबुवा, काय करताय? तुमच्यातही नाहीये काही. जा सरळ आत. जिंकलात तुम्ही."

"आणि संध्याकाळी घरी जाऊन सुनेला काय सांगू? तुझ्या बापाला चढावर सोडून आलो, वाढ मला?"

"ती काही बोलणार नाही."

"तेच तर. ती काही बोलणार नाही आणि वाढेल." साखळी ओढून बघितली. "बसा. ब्रेक सांभाळा."

मी बसलो. एका रिकाम्या गाडीने दुसऱ्या रिकाम्या गाडीला ओढत चढ चढला. त्यांचं इंजिन असं ओरडत होतं की यार्डातली माणसं बाहेर आली. चढ संपला. गेट आलं, अगदी समोर आलं, गेटवाला दांडा वर करायला उठलाही. तिथे त्यांची गाडी एकदा हबकली आणि थांबली. मीही थांबलो. मधे साखळी सैल पडली.

शेठ मोजायची काठी घेऊन आले. त्यांच्या गाडीचं सील तोडलं, काठी आत घातली, बाहेर काढली, बघितली. कोरडी. माझ्या टाकीत घातली. कोरडी. काठी नाकाशी धरली, वास घेऊन बघितला. मग साखळीकडे बघितलं, मग व्याह्यांकडे, मग माझ्याकडे, आणि गाडीतून उतरणाऱ्या हिच्याकडे.

"वहिनी," ते म्हणाले, "झालं काय?"

"दोघांनी एकमेकांचा मान राखला," ही म्हणाली.

शेठनी बंदराचा रस्ता गॅसवर चालणाऱ्या एका नव्या गाडीला दिला. आम्हाला त्यांनी आख्खा कप चहा पाजला. त्यावरूनच मी ओळखलं की संपलं.

त्यानंतर गाडी दारात उभी राहिली. मुलीचा फोन यायचा, मी 'जेवतोय' म्हणायचो. एकदा सकाळी अकराला, एकदा दुपारी चारला. ती म्हणाली, "बाबा, किती जेवता?" मी गाडी विकायला काढली. दोन माणसं बघायला आली. एकाने टायरला लाथ मारली आणि न बोलता गेला. दुसरा भंगारवाला होता, तो वजनावर घेतो म्हणाला, आणि सीटचं वजन धरणार नाही म्हणाला. मी त्याला काय म्हणालो ते लिहिण्यासारखं नाही. पण तो गेल्यावर मी गाडीच्या मागे जाऊन, हिला दिसू नये असा, रडलो. हिला दिसलं.

एका सकाळी व्याही दारात. चालत आलेले. काखेत उशी.

मी धावत पुढे झालो. "या या! असे चालत? गाडी कुठे लावलीत?"

"विकली," ते म्हणाले.

ही आतून पाण्याचा तांब्या घेऊन आली होती, ती तिथेच थांबली.

"शेठ म्हणतात, लांबचा माल आहे," व्याही म्हणाले. "पण गाडी थांबता कामा नये. दोन ड्रायव्हर पाहिजेत, आलटून पालटून. एक गाडी, दोन माणसं. तेवढं परवडतं म्हणाले. मग एक गाडी विकायला हवी होती."

"मग माझी विकायची!" मी ओरडलोच. "तुमची तरणी गाडी! तुम्हाला वेड लागलं का?"

"तुमची कोण घेतो?" ते म्हणाले. मग त्यांना वाटलं आपण फार बोललो. खाली बघत म्हणाले, "म्हणजे, विकली जाते ती विकायची. आलेल्या पैशांतून तुमच्या इंजिनचं काम करून घेऊ. आणि..." इथे ते अडखळले. मुलाचा बाप, माझ्या दारात, चपला काढून उभा होता. "आणि तुमच्याकडे क्लीनरची जागा असेल, तर मी येतो म्हणतो. ड्रायव्हर म्हणून नको. गाडी तुमची."

त्या दिवशी बंदरावर मी यांना म्हणालो होतो, मला भीक नको. आणि हा माणूस आपली सगळी पुंजी काखोटीला मारून आला होता आणि तोच माझ्याकडे मागत होता. मला वाटलं, जमीन दुभंगावी आणि मी आत जावं, पण जाताना यांना हात देऊन वर ठेवावं. हिने तांब्या खाली ठेवला आणि मला कोपराने ढोसलं.

इंजिनचं काम झालं. नवा हॉर्नही बसवला, तो सांगितल्यावर वाजतो. पहिल्या खेपेच्या सकाळी मी गाडी चालू करून ठेवली आणि खाली उतरलो. ही डबा द्यायला आली होती. तिची क्लीनरची नोकरी गेली होती, पण मध्ये मध्ये बोलायची अट तिने स्वतःकडेच ठेवली होती. व्याही क्लीनरच्या बाजूच्या दाराकडे निघाले.

"तिकडे कुठे?" मी म्हणालो. "आपण इकडे. आपण चालवा."

"छे छे, मालकांनी चालवायची."

"मालक कोण? इंजिन तुमचं आहे आत."

"पण गाडी आपली. आणि आपण वयाने मोठे."

"चार महिन्यांनी!"

"मोठे ते मोठेच."

"अहो!" ही ओरडली. शेजारपाजारचे बाहेर आले. "डिझेल जळतंय! तुमच्या मानापानात डिझेल जळतंय!" ती स्वतःच वर चढली, किल्ली बंद केली आणि मुठीत धरून खाली उतरली. "ठरवा आधी. मग देते."

व्याही उशी धरून उभे होते. मी ती त्यांच्या हातातून घेतली, आणि ते नको नको म्हणायच्या आत ड्रायव्हरच्या सीटवर नेऊन ठेवली, फुलं वर करून. मग वळसा घालून गेलो आणि क्लीनरच्या जागी जाऊन बसलो. त्या जागेवरून गाडी किती वेगळी दिसते हे मला इतक्या वर्षांत कळलं नव्हतं.

ते बराच वेळ चढले नाहीत. चढले तेव्हा नाक पुसत होते. हिने किल्ली दिली.

"दाराला कडी नाहीये," मी म्हणालो. "आतून दोरीने बांधावं लागतं."

"माहीत आहे," ते दोरी हातात घेत म्हणाले. "आरशात दिसायचं."